एका डोक्याला एक किलो

—हललात तर कान जाईल, भाऊ, आणि कानाचे पैसे मी कमी करणार नाही. पाचशे म्हणजे पाचशे. पाटी वाचून तुम्ही तोंड वाकडं केलंत ते मला आरशात दिसलं. चाळीस वर्षं माणसं आरशातच बघतोय मी, समोरून कोण बघतं न्हाव्याकडे? पुलापलीकडे, अर्जेंटिनात, दीडशेत व्हायचं, हेच म्हणणार ना? व्हायचं! आता नाही होत. आता पलीकडचा, कोंकोर्दियातला न्हावीपण आपले साडेपाचशे होतील एवढे मागतो म्हणे, म्हणून तर तुम्ही आज साल्तोतल्या साल्तोत, माझ्या खुर्चीत. किती, दोन वर्षांनी? अडीच? नाही हो, राग कसला. अख्खं गावच जात होतं. शुक्रवारी संध्याकाळी पुलावर गाड्यांची ही रांग — पेट्रोल तिकडे, तेल-मैदा तिकडे, पोरांचे लंगोट तिकडे, दात काढायचे ते तिकडे, आणि जाता जाता डोकंही तिकडेच. परत येताना कस्टमवाल्याने विचारलं तर पिशव्या लपवायच्या. डोकं कुठे लपवणार? सोमवारी चौकात उभं राहिलं की मी सांगायचो, हे पलीकडचं, हे पलीकडचं, हे पलीकडचं.

मान खाली घ्या. अशी. मी ज्याच्याकडे शिकलो ना, तो म्हातारा अकोस्ता, त्याचा एकच नियम होता. एका डोक्याला एक किलो. बरगडीचं मांस खाटकाकडे ज्या भावाने मिळतं, तोच हजामतीचा भाव. मांस चढलं की हजामत चढवायची, उतरलं की उतरवायची — उतरलेलं मी काही पाहिलं नाही. मी स्वतः तिकडे जाऊन बघितलंय. आधी खाटकाची पाटी बघितली, मग न्हाव्याची. आणि काय असेल सांगा? तिकडेही एका डोक्याला एक किलोच! म्हणजे अर्जेंटिनातला न्हावी माझ्यापेक्षा गरीबही नाही आणि श्रीमंतही नाही. तो आपल्या गल्लीत बसला आणि मी माझ्या गल्लीत, तर दोघांच्या ताटात सारखंच मांस पडतं. पण तेव्हा माझ्या एका डोक्याचे पैसे खिशात घालून पूल ओलांडला की? तीन किलो, वर हाडं. मजा सगळी पुलाची आहे. टीव्हीवर ते टायवाले तासभर बोलतात, पगार इतका, महागाई तितकी, अमुक देश पुढे, तमुक मागे — एकाला तरी हे सांगता येतं का? मला येतं. पण मला कोण विचारतंय.

ती? ती रुबेनची खुर्ची. नाही, तुटलेली नाही, चांगली आहे. बसत नाही कोणी. थांबा, तिकडे तुम्ही कुणाकडे जायचात? रुबेनकडेच? म्हणजे लंगडा रुबेन, टाळूवर वस्तरा धरताना जीभ बाहेर काढतो तो? तुम्ही भाऊ, आधी बोलायचं नाही का! बसा, बसा, घाई करू नका. सव्वीस वर्षं आम्ही दोघं या दुकानात. एकाच थर्मासमधलं गरम पाणी ओतून मातेचा कडू पाला प्यायलो, एकाच भांड्यातून, एकाच नळीने. जे येईल ते निम्मं-निम्मं. आणि सोमवारी दुकान बंद असलं की आम्ही एकमेकांचे केस कापायचो — आधी मी त्याचे, मग तो माझे. न्हाव्याचं हे एक वाईट असतं बघा, स्वतःची मान स्वतःला दिसत नाही. सव्वीस वर्षांत माझ्या मानेला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. बायकोसुद्धा हसायची, म्हणायची, तुझं लग्न नक्की कुणाशी झालंय? ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हाही दफनाआधी त्यानेच माझी दाढी केली, मी नको म्हणत असताना.

तर गेला तो. का म्हणजे, हिशोबच आहे ना! पायामुळे त्याला सरकारकडून थोडे पैसे मिळतात. इथे त्यात खोलीचं भाडं निघायचं आणि महिन्याच्या वीस तारखेला खिसा रिकामा. तिकडे त्याच पैशात खोली, मांस, वाइन, वर रविवारी कुत्र्यालाही मांस. कोण नाही जाणार? शिवाय गिऱ्हाइकं त्याच्या मागोमाग तिकडे. मी कुणालाही हेच सांगतो. माणूस वाईट नव्हता, पूल वाईट होता.

एकदा गेलो होतो मी त्याच्याकडे. केस फार वाढले होते. नाही, खोटं कशाला — केसांचं निमित्त होतं. थर्मास काखेत धरून लाँचने नदी ओलांडून गेलो, म्हटलं पूर्वीसारखं बसू. त्याने खुर्ची पुसली. मी माते भरून दिलं. त्याने ते संपवलं, भांडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, धन्यवाद. पहिल्याच भांड्याला! आता हवं असेल तर कोण धन्यवाद म्हणतो? माणूस गप्प भांडं परत देतो, भरलं की पुन्हा घेतो, थर्मास संपेपर्यंत. धन्यवाद म्हणजे पुरे. उरलेलं सगळं पाणी मी एकट्याने प्यायलो, तो माझे केस कापत होता तेव्हा. उठल्यावर मी सहज, चेष्टेत, विचारलं, किती झाले? वाटलं, शिवी देईल. त्याने भाव सांगितला. मी नोट दिली आणि त्याने सुटे परत केले, भाऊ. मोजून. इतकं स्वस्त मला आयुष्यात काही पडलं नव्हतं, आणि परतीच्या लाँचमध्ये मी रडलो.

काय? नाही, भांडण वगैरे काही नाही. बोलणं झालं होतं एकदा. गिऱ्हाईक कमी झालं, दिवसाला चार डोकी, आणि दोघांत वाटायची. तो म्हणाला, भाव उतरवू, तीनशे करू. मी म्हटलं, मी भीक मागायला बसलेलो नाही. मग मी म्हटलं — दुकान माझ्या नावावर, वीजबिल माझ्या नावावर — मी म्हटलं, निम्मं जमणार नाही, शंभरातले चाळीस घे. तुला काय, तुझ्या पायाचे पैसे येतातच की. ... असं म्हटलं मी. पायाचे. तो कात्र्या रुमालात गुंडाळायला लागला. मला वाटलं, धार लावायला नेतोय.

बरं, ते जाऊ दे. आता हिशोब उलटा झालाय ना! आता तिकडे महाग. तिकडचेच लोक येतील बघा इकडे. त्याचे ते सरकारी पैसे आता तिकडे दहा तारखेलाच संपत असणार, म्हणजे परत यावंच लागेल, हिशोबच आहे. मी त्याच्या खुर्चीला तेल घालून ठेवलंय. सकाळी वर-खाली करून बघतो रोज. कुणाला सांगू नका, एकटं फार वाटतं हो इथे. अर्धाच थर्मास भरतो मी. आला ना, की निम्मं-निम्मं. साठ मागितले तरी देईन. तुम्ही शेवटचे कधी गेला होतात त्याच्याकडे? भेटलात तर सांगाल एवढं?

अं?

इथे? साल्तोत?

मार्चपासून. ... आता ऑगस्ट आहे. बस स्टँडसमोर, त्या नव्या काचेच्या दुकानात. म्हणजे इथून चार चौक. आज तिथे रांग होती म्हणून तुम्ही इकडे आलात. बरोबर. बरोबर आहे. आणि तिथला मालक, तो पोरगा, काय देतो त्याला? सांगा हो, हिशोब कळू दे मला. शंभरातले —

पस्तीस.

पस्तिसावर राहिला तो.

उठा, भाऊ. नाही, झाले नाहीत, दिसतंय मला, डावी बाजू पूर्ण राहिलीय. कापड राहू दे, मी काढतो. पैसे नकोत. तुम्ही असेच जा त्याच्याकडे, रांगेत बसा, पुरे करेल तो. काही सांगू नका. डोकं बघितलं की कळेल त्याला, कुणी सोडलंय ते. जा म्हटलं ना. दार ओढून घ्या.