काच कुठे अडते

नाही नाही, गाडी बंद नका करू, किल्ली तशीच राहू द्या — आधी आवाज तर ऐकू. हां, दाबतो बटण. ऐकलंत? कर्रर्र, मग कट्, कट्. मोटर ठणठणीत आहे साहेब, तिला उगाच बोल लावू नका. दाराच्या आत तार असते, ती काच वर ओढते, तिचे पदर सुटलेत — तीच कुरकुरतेय. आणि हे बघा, चार बोटं उरली की थांबली आणि आली परत खाली. हेच ना तुमचं गाऱ्हाणं? आपोआप खाली येते, तेवढं बंद करून द्या? कळलं हो, कळलं. वहिनी, तुम्ही बसा मागेच, तुम्हाला नाही उठवत. हात दुखतोय वाटतं? रुमालात गुंडाळलाय म्हणून विचारलं. — दारात सापडला? बरं. पण साहेब, मी त्यांना विचारलं होतं.

आता असं करा, काच वरून दोन्ही हातांनी धरा. बोल्ट ढिले केले की धाडकन आत पडते, इथे प्रत्येक गिऱ्हाईक धरतं — घट्ट, बोटं पार आत घाला. हां. आता दाराचा पत्रा काढला, वाका आणि बघा. ही पट्टी, हिच्यावरून काच सरकते. वाकलीय ना? ही गंजून वाकत नाही. मध्ये काहीतरी अडकलंय, काच बिचारी खाली येऊ बघतेय, आणि वरून कुणीतरी बटण दाबून धरलंय — एकदा नाही, दहादा — तेव्हा कुठे वाकते. आणि रबरात हे काय वाळलंय काळं? ग्रीस? पंचवीस वर्षं ग्रीस माझ्या नखांत आहे, मला ग्रीस सांगता?

हात नका काढू. अंगठा बटणावर आहे माझा, दाबून धरला की काच परत खाली यायची नाही. बोल्ट? अजून कुठे ढिले केलेत मी.

आमचे दाजी. ताईचा नवरा हो, माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा. सोन्यासारखा माणूस म्हणायचे सगळे. एक दिवस भांडण झालं, हा गाडी काढून निघाला, ताईने खिडकीतून हात घालून गाडी धरली — आणि याने काच वर घेतली. घेतली ती घेतली, गाडी पण चालवली! अख्खी गल्ली ओरडत होती, गुडघ्यांची सालं रस्त्यावर राहिली तिच्या. तीन बोटं गेली. मग मी त्याला इथेच आणलं. तो बाकावरचा शिकंजा दिसतोय? त्यात त्याचा उजवा पंजा धरला आणि दांडा फिरवला. सावकाश. हाडाचा आवाज फार बारीक असतो साहेब, तुमच्या या तारेसारखाच. मला बरं वाटलं — खोटं कशाला बोलू — फार बरं वाटलं. अजून फिरवला.

पण त्या गाडीची काच परत खाली का आली नाही? हात लागला की यायला हवी होती ना? येत नव्हती. आठवडाभर आधी तो इथेच आला होता, दात काढत, म्हणाला काच आपोआप खाली येते, कटकट आहे, बंद कर. आणि केलं ना बंद! कुणी केलं म्हणजे? मी केलं! या हातांनी! काय अडकतं तिथे, एवढं एक विचारलं नाही. दाजी ना, चहा पाजला वर. आणि ताईचा हात तेव्हाही सुजलेला होता, मी पाहिला होता... पाहिला होता मी. आता ती त्याला भरवते, त्याची बटणं लावते, सात बोटांनी. माझ्याशी बोलत नाही.

हलू नकोस म्हटलं ना! चिरडीन! तुझी दहाच्या दहा — वहिनी, तुम्ही उतरा. दार उघडं आहे. रिक्षा बोलावतो, कुठे म्हणाल तिथे सोडतो, उतरा.

उतरा ना.

काय म्हणालात? ...सोडा त्यांना? ते म्हणतात तसं करून द्या?

सोडला. काढ हात. बाजूला हो. आणखी मागे हो, मला हातोडा मारायला जागा दे — झालं. ही गेली काच. आता दुसऱ्या बाजूची. आणि ही मागची. ओरडू नको, तुकडे घेऊन जा हवं तर. अशीच चालव. आत काय चाललंय ते सगळ्या रस्त्याला ऐकू जाऊ दे. वहिनी, डोकं खाली घ्या, तुमच्या बाजूची राहिलीय. झालं. निघा आता, मला मागची गाडी आत घ्यायचीय.