मामाजीची स्लॅबची खोली

तुमी कूलरचं काय सांगता, माझं ऐका. लग्नानंतर पहिल्याच मे महिन्यात मी करडी गावाले सासुरवाडीले गेलो. मामाजीनं, म्हंजे सासऱ्यानं, मोठ्या हौसेनं नवी स्लॅबची खोली उघडली. "बापू, खास तुमच्यासाठी!"

भर दुपारी लाइन गेली आन् खोलीची भट्टी झाली. पन तसं म्हनलं तर मामाजीचं मन दुखलं असतं. उशी काखेत घेऊन मी चोरपावलानं मागच्या कवेलूच्या, म्हंजे कौलाच्या, घरात घुसलो. जुनं मातीचं घर, आता धान ठेवायले. काय गारवा! तेवढ्यात खाटेवर कोनीतरी हाललं. मामाजीच!

"धान पाहाले आलो, मामाजी."

"उशी घेऊन?"

मामाजी हासत बाजूले सरकले. "या. स्लॅब पाहुण्याइसाठी हाय. तुमी आता घरचे झाले."