मिल पाहायला आलेले पाहुणे

हॅलो?… हॅलो?… हाव, बोला. थांबा, गोदामाच्या मागं येते, इथं आवाज तुटून राह्यला… हां, बोला आता.

गेले. आत्ताच गेले मिल घेणारे पुण्याचे लोकं. गाडी हायवेला लागली असन… नाही, बसली नाही मी अजून. सकाळपासून उभीच आहे.

कसं झालं? तुमच्या बाबांनी लय हौस केली, असं झालं… अहो, ऐका तं खरं! दोन दिवस मिल बंद ठेवली त्याईनं… हाव, बंद! काऊन म्हंजे? पाहुणे येऊन राह्यले तं घर झाडून ठेवा लागते म्हणे. मशीन पुसली, भिंतीले चुना मारला, दारात रांगोळी. हमालांले इस्त्रीचे शर्ट घालून ओळीत उभं केलं. डाळ मिल, अन् डाळीचा दाणा नाही कुठं… हसा. तुम्ही नाशकात बसून हसा.

सांगितलं होतं न! किती वेळा सांगितलं. बाबा, व्हिडिओवर पुण्याच्या लोकांले मिल मीच दाखवून राह्यली, मोबाईल घेऊन शिडी चढून चढून. आता त्याईले चालू मिल पाहा लागते. तं म्हणतात, सूनबाई, पोरगी दाखवतानी चूल फुंकत बसवतो का आपण तिले?… हाव, अस्संच म्हटलं.

मंग काय! तो शंतनु साहेब आत आला, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् म्हणे, "मिल कधीपासून बंद पडलीय?"… बाबांचं तोंड पाहाले पाहिजे होतं. पोह्याची बशी हातातच राह्यली.

मंग मीच. पदर खोचला, मोटर लावली. तं पट्टा घसरला, दोन दिवस उभी होती न मशीन. तो बसवला. तुरीची पोती ओताले लावली. हमाल म्हणतात, वहिनी, शर्ट खराब होईन. म्हटलं, होऊ द्या… हाव, झाली सुरू. भुकटी अशी उडाली, पोह्यांवर, साहेबासंगं आलेल्या मधुवंती मॅडमच्या केसांवर. खोकता खोकता त्या म्हणे, "हेच बघायचं होतं आम्हाला!"

हाव हाव, पसंत आहे. घेतात म्हणे. ऑफिसात लॅपटॉप लावून त्याईच्या मुंबईच्या साहेबांसोबत मीटिंग बी झाली. उद्या सकाळी परत व्हिडिओवर बसायचं, मंग सह्या.

नाही, खुश नाही… थकली, दुसरं काही नाही… हाव, आहे एक गोष्ट. अट घातली त्या लोकांनी. मिल चालवाले मीच पाहिजे. तीन वर्षं… हाव, इथंच. वडनेरलेच.

अन् बाबांनी काय केलं माहीत आहे? माझ्याकडं पाह्यलं बी नाही. "आमची पुष्पांजली कुठं जाते!" म्हणे, अन् सुपारीचं तबक पुढं केलं. झालं. दिला शब्द. मी तिथंच उभी होती हो, हातात चहाचे कप घेऊन.

आपली स्वरदा आठवीत गेली. मिल विकली का मम्मी नाशकाले येते, असं दरवर्षी सांगून राह्यली मी तिले. म्हणून तं विकाले काढली न आपण?… मंग सांगा, आता काय करा लागते?

…काय?

बाबांचा फोन आला होता? कधी?… काल? म्हंजे शंतनु साहेबानं अट बाबांले कालच सांगितली. अन् तुम्ही काय म्हटलं?

…"बघा तुम्ही." असं म्हटलं? बरं.

हाव, रडून राह्यली. मंग? राग आला मले. बाबा एकटे नको म्हणून मी राह्यली इथं, पोरगी तुमच्याकडं ठेवून. त्याचं काही नाही. पण मले एकदा विचारा लागत होतं. तुम्ही तरी विचारा लागत होतं.

नाही, आता नका विचारू… उद्या मीटिंगमधी मीच सांगते, सगळ्यांसमोर. महिनाभर कोणाले बी शिकवून देते, त्याच्यावर एक दिवस नाही… मोडला सौदा तं मोडला… बाबांले काय वाटन, हे मले सांगू नका आज.

स्वरदा आहे का जवळ? द्या तिले… द्या म्हटलं न.

स्वरदा?… हाव, मम्मी. जेवली का?… बरं. ऐक न, मी येऊन राह्यली… नाही वं, मिल अजून विकली नाही. विकली तं विकली, नाही तं नाही. पुढच्या महिन्यात येते… हाव. या वेळी खरं… खरं म्हटलं न, वेडे. ठेव आता.