कोळवणीच्या खिंडीतला मिस्त्री

या, जरा सरकून बसा. शेकोटीत दोन तुराट्या टाका अजून. आणि कुणाला घरी जायचं असेल तर आत्ताच उठा. एकदा मी सुरू केलं की मधनं उठून अंधारात जायला पाय धजायचे नाहीत. बसताय? बसा. ऐका तर.

आपल्या मोरदऱ्याचा दिनकर पिसाळ. मोटारी भरायचा. विहिरीवरची मोटार जळाली की लोक त्याच्याकडं आणायचे. तो जळकी तार उलगडायचा आणि नवी भरायचा, वेढा मोजून. हाताला असा गुण की त्यानं भरलेली मोटार पुन्हा जळाली, असं ऐकलं नाही कधी. बोलायला कमी. पण एक वेड होतं त्याला. फटफटीचं. साधी नव्हे, मोडूनतोडून आपल्या मनासारखी केलेली फटफटी. सोळा-सतरा वर्षं मनात घेऊन बसलेला. घरात विषय काढला की बायको शालन म्हणायची, आधी छपराचे पत्रे बघा. पारावर काढला की लोक हसायचे. मग त्यानं बोलायचंच सोडलं. मनातलं मनात ठेवलं. हे लक्षात घ्या, कारण पुढं जे झालं ते ह्यापायीच झालं.

फलटणला मुनीर पेंटर म्हणून होता, दुकानाच्या पाट्या रंगवणारा. त्यानं मोडीतली एक गाडी घेऊन चार वर्षं तिच्यामागं घालवली. पुढच्या चाकाचा फोर्क लांब केला. हँडल उंच, बैलाच्या शिंगासारखं. सीट खाली, बैठी, एकाच माणसाची. टाकी हिरवी, आणि तिच्यावर स्वतःच्या हातानं काढलेलं मोरपीस. पण मुनीरचे डोळे गेले मोतीबिंदूनं. चालवता येईना. विकायची ठरवली. दिनकरच्या कानावर आलं, आणि हा सकाळच्या एसटीनं गेला.

दिवसभर गाडीपाशी बसला. मुनीर सच्चा माणूस. त्यानं एकेक दोष स्वतःहून सांगितला. फोर्कातनं तेल गळतंय, क्लच घसरतोय, कार्बोरेटर मधेच गचके देतो, वायरिंग सगळं गुंतलंय. दिनकर ऐकत होता आणि आतनं खूश होत होता. दोष आहेत म्हणजे काम आहे. काम आहे म्हणजे गाडी आपली होणार.

व्यवहार झाला तेव्हा दिवस बुडाला होता. मुनीर म्हणाला, आज मुक्काम करा. नाहीच राहायचं तर मोठ्या रस्त्यानं जा, कोळवणीच्या खिंडीनं नको. दिनकर हो म्हणाला. पण फाट्यावर आल्यावर थांबला. गाडीचा दिवा मिणमिणता. मोठ्या रस्त्यावर उसाचे ट्रक, एकामागं एक. त्यानं विचार केला, ट्रकखाली जाण्यापेक्षा खिंड बरी. विचार चुकीचा नव्हता हो. तुम्ही-आम्हीही तोच केला असता. त्यानं हँडल वळवलं.

पौषाचा महिना. अमावास्या दोन दिवसांवर. रस्त्यावर चिटपाखरू नाही. थंडी बोटांना चावत होती, पण दिनकर मजेत. मनात यादी चाललेली. आधी कार्बोरेटर धुवायचा. मग क्लचच्या प्लेटा. फोर्कचे ऑइल सील. वायरिंग तर सगळं काढूनच टाकायचं, घरचं काम ते. हँडल चार बोटं खाली घ्यायचं. मागं एक सीट बसवायची शालनसाठी, साडी अडकू नये म्हणून बाजूला जाळी. शालन बसली की बघू काय म्हणते. हसला बघा, एकटाच, अंधारात.

आणि खिंडीच्या बरोबर माथ्यावर गाडी बंद पडली.

गचका नाही, धूर नाही. बंद. दिवापण गेला. बंद इंजिन निवताना टिकटिक वाजतं ना थोडा वेळ? ते पण वाजलं नाही. किक मारली. दोनदा मारली, दहादा मारली. काही नाही. अंगाला घाम सुटला. घाम निवला तशी थंडी आणखी झोंबली.

तेव्हा त्याला उजेड दिसला. रस्त्याच्या डाव्या अंगाला, पन्नास पावलांवर. कंदील टांगलेला. खाली एक पत्र्याची शेड. आता ऐका, दिनकर त्या वाटेनं शंभरदा गेलेला. तिथं शेड नाही, हे त्याला ठाऊक. पण अडल्या माणसाला उजेड दिसला की तो मागचं आठवत बसत नाही. ढकलत नेली गाडी.

शेडीत एक म्हातारा उकिडवा बसलेला. अंगात खाकी सदरा, डोक्याला फडकं. वर न बघता म्हणाला, "पाहुणं, काय बिघडलंय?"

आवाज असा मायेचा, की दिनकरला बरं वाटलं. त्यानं सांगितलं, बंद पडली. म्हातारा म्हणाला, कळतंय. गाडी लांबनं ऐकली मी, कार्बोरेटर आहे. खोला.

"तुम्हीच बघा की मिस्त्री," दिनकर म्हणाला.

"तुमचा हात चांगला हाय. मी सांगतो, तुम्ही खोला."

मुनीरनं गाडीबरोबर नट खोलायचे दोन-चार पाने दिलेले. दिनकरनं ते काढले आणि बसला. म्हातारा बोट दाखवायचा, हा खोलायचा. मुद्दाम सांगतो, बोट लोखंडापासून वीतभर लांब ठेवायचा. दिनकरला वाटलं, वय झालंय, डाग नको असतील. कार्बोरेटर निघाला. मग म्हातारा म्हणाला, आता उघडलीच आहे तर क्लच बघून टाकू. आणि मग हळूच विचारलं, "ह्या गाडीचं पुढं काय काय करायचं ठरवलंय?"

गड्यांनो, इथं फसला बघा दिनकर. सोळा-सतरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं त्याला हे. बायकोनं नाही, भावानं नाही. तो बोलायला लागला. फोर्क, सील, वायरिंग, मागची सीट, साडीची जाळी. म्हातारा मान हलवत होता. मधेच असं विचारायचा की ज्याला कळतं तोच विचारेल. टाकी तशीच ठेवणार का? ठेवणार, मोरपीस पुसायचं नाही. सायलेन्सर वर घेणार? घेणार. मग तो सुटा करा, माप घेऊ. दिनकर बोलतोय आणि खोलतोय, खोलतोय आणि बोलतोय. किती वेळ गेला, पत्ता नाही. भूक नाही, तहान नाही, थंडी नाही.

मग हातातनं एक नट निसटला. तो शोधायला त्यानं मान वळवली, आणि बघितलं.

गाडी नव्हतीच. चाकं वेगळी, टाकी वेगळी, इंजिन वेगळं, साखळी वेगळी. सगळं ओळीनं मांडलेलं. आणि हे त्याच्याच हातानं झालेलं. कार्बोरेटर साफ करायला बसलेला माणूस.

मग एकेक दिसायला लागलं. कंदिलावर एक किडा नव्हता. कंदिलापासनं हातभरावर बसूनही ऊब लागत नव्हती. आणि म्हाताऱ्याचे हात. कारागिराची नजर ती, आधी हातावर जाते. मिस्त्रीची नखं कशी असतात? काळी. साबणानं निघत नाहीत, जन्मभर निघत नाहीत. ह्याची नखं पांढरी. धुतलेल्या तांदळासारखी.

दिनकर म्हणाला, बराच उशीर झाला, मी निघतो. उठायला गेला.

म्हातारा म्हणाला, "गुडघा वाजतोय तुमचा. डावा."

वाजत होता. कट् करून वाजला होता.

"वंगण संपलंय त्यातलं. बसा. हे मी करतो."

हे मी करतो, म्हणाला. आतापर्यंत एकदाही म्हणाला नव्हता. म्हाताऱ्यानं हात पुढं केला आणि दिनकरच्या गुडघ्यावर ठेवला. विहिरीच्या तळाचं पाणी असतं ना, तसा गार. आणि अंगठ्यानं आवळलं, असं, उजवीकडं, पाना फिरवावा तसं. दुखलं नाही. हेच वाईट. काहीच झालं नाही. मांडीखालचा पाय आपला नाहीच, असं वाटलं.

"झाला," म्हातारा म्हणाला. "आता वाजायचा नाही."

मग त्यानं दिनकरच्या छातीशी कान नेला. घरच्या माणसानं न्यावा तसा. ऐकत राहिला. म्हणाला, श्वास जरा अडतोय वरच्या बाजूला, ते होईल. पण एक ठोका चुकतोय मधे. तो उघडल्याशिवाय कळायचा नाही.

आणि भिंतीकडं हात केला. भिंतीवर पाने टांगलेले होते, लहानमोठे, ओळीनं. त्यातला एक त्यानं काढला. तो कंदिलाच्या उजेडात आला तेव्हा दिनकरला दिसलं, लोखंड नव्हतंच ते. हाड होतं.

ओरडावं तर ऐकायला कुणी नाही. पळावं तर एक पाय मेलेला. पण डोकं चालत होतं. मोटारी भरणाऱ्याचं डोकं ते, एक वेढा चुकला की मागं जाऊन शोधणारं. तो मागं गेला. हा मला सगळं खोलायला लावतो. स्वतः का खोलत नाही? बोट वीतभर लांब का? हाडाचा पाना का? आणि आठवलं त्याला, बाळंतिणीच्या उशाला विळा का ठेवतात ते. लोखंडाला असलं काही शिवत नाही.

हाताशी साखळी पडली होती. फटफटीची, वंगणानं भरलेली. त्यानं ती ओढली आणि कमरेला गुंडाळली. टोकं मुठीत धरली. टाकी छातीशी घेतली, बायका पोर घेतात तशी. आणि बसला.

म्हातारा थांबला. हातातला पाना तसाच. रागावला नाही. म्हणाला, "अर्धं काम सोडू नये, पाहुणं."

कंदील विझला.

मग सुरू झालं खरं. अंधारात चारी बाजूंनी पाय वाजायला लागले, एकाचे नाहीत, पुष्कळांचे. एकाचा पाय फरफटत होता. मुनीरचा आवाज आला, म्हणाला, गाडी परत द्या, चूक झाली माझी, टाकी सोडा. दिनकरनं सोडली नाही. मग अगदी कानाशी शालनचा आवाज आला. रडत नव्हती ती. म्हणत होती, मागची सीट कशी करायची ठरवलीत, मला सांगा तरी, मी कधी ऐकलंच नाही तुमचं.

दिनकरनं मला सांगितलं, सगळं सहन झालं, एवढं एक झालं नाही. त्या आवाजाला हो म्हणून उठणार होतो मी. पण त्याला कळलं, शालन असं बोलणार नाही. ती म्हणेल, पत्र्यांचं काय झालं. आणि ती तसं म्हणते म्हणूनच त्याला तिच्याकडं परत जायचं होतं. त्यानं मूठ आवळली. साखळीचे दात तळहातात घुसले. रक्त आलं. सोडली नाही.

उजाडता उजाडता कोळवणीचा दत्तू शेडगे दुधाची जीप घेऊन वर आला. त्यानं बघितलं, उघड्या कातळावर एक माणूस बसलाय. कमरेला साखळी, छातीशी हिरवी टाकी. शेड नाही, कंदील नाही. भोवती गाडीचे भाग, वायसरापर्यंत सगळे, रांगेत मांडलेले. आणि पलीकडं गवतात आणखी रांगा. सायकलीच्या, स्कूटरच्या, गंजून माती झालेल्या. त्याच्याही पलीकडं झुडपात काहीतरी मांडलेलं होतं. दत्तू बघायला गेला. लगेच मागं आला. काय होतं, ते त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, गाडीचं सामान भरू आणि निघू, पटकन.

शालन दारात उभी होती, रात्रभर जागी. तळहाताला हळद लावली त्याच्या.

गाडी उभी राहिली पुढं. आठ महिने खपला अंगणात. मागची सीट झाली, जाळी झाली. शालन बसून बाजारला जायची, दिवसाउजेडी, मोठ्या रस्त्यानं. लोक बघत राहायचे.

पण गुडघा. पंचवीस वर्षं होऊन गेली. दुखत नाही, वाजत नाही. उजवा पाय म्हातारा झाला, डावा तसाच आहे, पोरासारखा. सुई टोचली तरी कळत नाही. काम चोख केलंय म्हणा. फक्त अमावास्या जवळ आली की दिनकर झोपेत असताना तो पाय खाटेवरनं खाली उतरतो. एकटाच. टाच उचलतो आणि उत्तरेला वळतो, खिंडीकडं. शालन उठते आणि फटफटीच्या जुन्या साखळीनं तो खाटेला बांधते.

मला हे सांगायचं कारण, परवा बाजारात एकजण सांगत होता, खिंडीच्या माथ्यावर रात्रीचं गॅरेज निघालंय म्हणे. सोय झाली म्हणे. मी त्याला हाताला धरून मोठ्या रस्त्यापर्यंत सोडून आलो.

तर ऐका. त्या वाटेनं जाऊ नका. घाई असली तरी नको, दोघं असलात तरी नको. आणि चुकून गेलातच आणि गाडी बंद पडली, तर उजेड दिसला तरी तिकडं बघू नका. गाडी तिथंच टाका आणि उतार धरून खाली चालत या. गाडी काय, सकाळी आणता येते.