हार घातलेला मित्र

कांदिवलीच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत सरूबाई संकष्टीचा जप करत होत्या. शेजारच्या जोडप्याचं बोलणं कानावर आलं आणि बोटांतली माळ थबकली.

“मालिकेत तुम्ही नायकाचे मित्र होतात, तेव्हा महिन्यातून दोनदा दिसायचात.”

“आणि मला मारल्यापासून रोज दिसतो ना! हार घातलेला फोटो, पूर्ण चेहरा.”

“वटसावित्री करणारी बाई मी. तो हार बघवत नाही, टीव्ही बंद करते. तर आई अंथरुणातून ओरडतात, माझा सहदेव लाव म्हणून.”

“उद्यापासून कितीही लाव, दिसणार नाही.”

“का हो?”

“नायक नव्या घरात राहायला जातोय. फोटो जुन्याच भिंतीवर राहणार.”

“मग आईंना काय सांगू?”

“सांग, गेला म्हणून.”