कोकीळ आणि माकडहाड

एक्स-रेच्या रांगेत शिंप्याला बसवत नव्हतं, म्हणून त्याची बायकोही उभीच होती. रांगेत शेजारी उभी असलेली मुलगी स्वतःचा सुजलेला अंगठा विसरून ऐकू लागली.

“अगं, चिठ्ठीवर ‘कॉक्सिक्स’ लिहिलंय. लेक म्हणाली, मूळ ग्रीक शब्द. अर्थ कोकीळ.”

“कोकीळ? तिथे?”

“ते हाड म्हणे त्याच्या चोचीसारखं दिसतं.”

“आपलं माकडहाडच बरोबर. कोकीळ कधी स्टुलावरून पडलाय का?”

“हसतेस काय? पुन्हा मशीनवर बसताच आलं नाही तर?”

“तुम्ही उभ्याने मापं घ्या. मशीनवर मी बसेन.”

“तुला सरळ टीप मारता येत नाही.”

“तुम्हाला तरी सरळ बसता येतंय का?”

शिंप्याने चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली.

“बरं. पण पायडल हळू मार.”