शशिधरच्या रायफलीसाठी माझी सही

सन्माननीय अध्यक्षा सुप्रभाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, एजवेअरहून मोटरवेचं ट्रॅफिक सोसून आलेली मंडळी, आणि आज बेसिंगस्टोक सोडून स्कॉटलंडला निघालेले आपले उत्सवमूर्ती डॉक्टर शशिधर,

शशिधरने इथल्या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं लोकांना भूल दिली. मी तिथलाच पॅथॉलॉजिस्ट. संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम, कारण माझ्या टेबलावर आलेला माणूस स्वतःहून काही सांगत नाही.

दर ऑक्टोबरला हा हायलँड्समध्ये हरणांच्या शिकारीला जायचा, तिथल्या शिकारीच्या इस्टेटची रायफल वापरून. येताना मांस आणायचा आणि मधुमतीवहिनी गोडा मसाला घालून त्याचा असा रस्सा करायच्या, की आमच्या घरचे शाकाहारीसुद्धा वाटी पुढे करायचे. ब्याण्णव साली वहिनी गेल्या. त्यानंतर शशिधर ऑक्टोबरला कुठेच गेला नाही. आणि पुढच्या मार्चमध्ये माझ्यासमोर पोलिसांचा, बंदुकीच्या सर्टिफिकेटचा फॉर्म ठेवून म्हणाला, स्वतःची रायफल बनवून घेतोय, ओळखीचा माणूस म्हणून तुझी सही हवी.

मंडळी, पंधरा वर्षं उसन्या रायफलीवर भागलं, मग आताच स्वतःची कशाला? माझ्या मनात काय आलं ते तुम्ही ओळखलंच असेल. आज हे सगळं बोलू का, असं मी त्याला परवा विचारलं. म्हणाला, बोल. म्हणून बोलतो. हा ती रायफल स्वतःवर चालवेल, अशी मला भीती वाटली. तीन आठवडे फॉर्म ड्रॉवरमध्ये दडवला आणि एका रविवारी न कळवता त्याच्या घरी धडकलो.

चहा झाल्यावर उलटतपासणी सुरू केली. काडतूस कुठलं घेणार? वाटलं, गडबडेल. तर याने वहीच उघडली. आधी टू-सेव्हन्टी ठरवलं होतं. मग सात मिलिमीटरचं मॅग्नम, पण ते खांद्याला फार धक्का देतं. आता साडेसहा मिलिमीटरचं स्वीडिश. धक्का बेताचा, गोळी लांबट, त्यामुळे तीनशे यार्डांवरही वाऱ्याने फारशी ढळत नाही. नळी किती लांब, दस्ता अक्रोडाचा की फायबरचा, दुर्बीण कुठली, सगळं लिहिलेलं. माझा संशय तरी जाईना. तयारी तर कुणीही दाखवेल. शेवटी विचारलं, हातात कधी येणार?

तो म्हणाला, "दीड वर्ष लागेल, श्रीकांत. तोवर थांबायला हवं ना मला."

मी तिथेच सही केली.

पण जित्याची खोड! दोन वर्षं झाली तरी रायफल येईना, तेव्हा मी गुपचूप ती बनवणाऱ्या कारागिराला फोन केला. तो बिचारा वैतागलेला. म्हणाला, काम सहा महिन्यांचं आहे हो, पण तुमचे डॉक्टर दर वेळी काहीतरी बदलतात. नळी बदलली, दस्ता दोनदा बदलला, काडतूस बदलायचं म्हणून पोलिसांकडे पुन्हा अर्ज केला आणि फिरून स्वीडिशवरच आले. फोन ठेवला आणि मला रडू आलं. मला जी भीती वाटत होती, तीच याला स्वतःची वाटत होती. रायफल घरी येऊ नये म्हणून हा निवडतच बसला होता.

गेल्या सप्टेंबरात त्याने काही न बदलता ती घरी आणली. ऑक्टोबरला हायलँड्सला गेला, आणि परतल्यावर स्वतःच्या हाताने रस्सा करून आम्हाला जेवायला बोलावलं. मीठ जास्त झालं होतं. मी तीन वाट्या प्यायलो.

सुप्रभाताईंनी पाच मिनिटं दिली होती, मी ती केव्हाच ओलांडली. मंडळाचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. आनंदाच्या दिवशी नको ते बोललो असेन तर पोटात घाला.

आणि शशिधर, सर्टिफिकेटची मुदत संपली की पुन्हा सही लागते. फॉर्म घेऊन तू स्वतः माझ्या दारात यायचंस. पोस्टाने पाठवलास तर सही मिळणार नाही.